पहिली गोळी झाडणारे अलहाजी ग्रुन्शी आणि हजेरीपटातलं नाव

जूनमध्ये शाळा उघडली की वर्गशिक्षकाचं पहिलं काम म्हणजे नवा हजेरीपट तयार करणं. आम्ही गेली कितीतरी वर्षं हे काम करतो आहोत. ज्यांच्या वर्गात मुसलमान मुलं आहेत अशा प्रत्येक शिक्षकाला यातली डोकेदुखी ठाऊक आहे. एकाच मुलाचं नाव जन्मदाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरं आणि आधीच्या शाळेच्या दाखल्यावर तिसरं. अब्दुर्रहमानचा अब्दुल रेहमान होतो, जुलेखाची जुलेका होते, आणि काही ठिकाणी तर मुलाचं नाव न लिहिता कुणीतरी नुसतंच शेख लिहून मोकळं झालेलं असतं. आमच्या वालिद साहेबांचं नाव त्यांच्या दाखल्यावर कुण्या कारकुनाने चुकीचं लिहिलं होतं. ते दुरुस्त होईपर्यंत त्यांची पेन्शन अडकून पडली होती. एका अक्षराची किंमत काय असते हे आमच्या घराने मोजून पाहिलेलं आहे.

म्हणूनच आज एका अशा माणसाची गोष्ट सांगावीशी वाटते, ज्याचं नाव इतिहासात आहे आणि तरीही पूर्ण नाही. त्यांचं नाव अलहाजी ग्रुन्शी. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातर्फे शत्रूवर पहिली गोळी झाडणारा शिपाई म्हणून इतिहासकार त्यांचं नाव घेतात. ते इंग्रज नव्हते, गोरे नव्हते, युरोपच्या मैदानावरही नव्हते. ते पश्चिम आफ्रिकेतले, तेव्हाच्या गोल्ड कोस्ट वसाहतीच्या पलटणीतले शिपाई होते. गोल्ड कोस्ट म्हणजे आजचा घाना देश.

ग्रुन्शी हे आडनाव नव्हे

पहिलं नाव आपल्याला ओळखीचं वाटतं. अलहाजी म्हणजे आपल्याकडचा हाजी. पश्चिम आफ्रिकेत हज करून आलेल्या माणसाला मानाने अलहाजी म्हणतात, आणि आपल्या मोहल्ल्यात जसं एखाद्या पोराचं नावच हाजी असतं, तसं तिकडेही ते नाव म्हणून ठेवतात. पण ग्रुन्शी हे ना बापाचं नाव, ना घराण्याचं, ना गावाचं. आजच्या घानाचा उत्तर भाग आणि त्याला लागून असलेला बुर्किना फासो या पट्ट्यात कासेना, सिसाला, नुना अशा अनेक जमाती राहतात. त्यांच्या भाषा वेगळ्या, गावं वेगळी. शेजारच्या बलाढ्य राज्यांनी या सगळ्यांना मिळून एकच नाव दिलं होतं, ते ग्रुन्शी. इंग्रजांनी तेच नाव उचललं.

पलटणीत भरती होताना कारकून शिपायाचं पहिलं नाव लिहायचा आणि आडनावाच्या जागी त्याची जमात किंवा गाव टाकायचा. म्हणून त्या काळच्या याद्यांमध्ये एकामागून एक ग्रुन्शी, मोशी, डागोंबा, फुलानी भेटतात. आपल्याकडे एखाद्या पलटणीतल्या सगळ्या जवानांचं आडनाव कोकणी किंवा वऱ्हाडी लिहावं, तसाच हा प्रकार. माणूस हिशेबात आला, पण कुणाचा मुलगा, कुठल्या घरचा, हे पुसलं गेलं.

या ग्रुन्शी मुलखाचा इतिहास दुःखाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत झबर्मा घोडेस्वारांच्या टोळ्यांनी इथली गावं लुटली आणि हजारो बायाबापड्यांना, पोरांना गुलाम करून सालागाच्या बाजारात विकलं. त्या टोळ्यांचा सर्वांत गाजलेला सरदार बाबातू. इथे आम्हाला एक कडू गोष्ट लिहावीच लागेल. हे झबर्मा सरदार मुसलमान होते. गुलामांचा बाजार फक्त गोऱ्यांनी भरवला असं म्हणून आपल्याला हात झटकता येत नाहीत. ज्या दीनने गुलाम मुक्त करणं ही मोठी नेकी सांगितली, त्याच दीनचं नाव घेणारे लोक गावंच्या गावं दोरीने बांधून नेत होते. लेकरांना इतिहास शिकवायचा तर हा भागही शिकवला पाहिजे.

अशा मुलखातून सुटलेली, उपाशी, बेघर झालेली तरणी पोरं फौजेच्या दाराशी आली. फौजेत दोन वेळचं जेवण होतं, पगार होता आणि हातात बंदूक होती, म्हणजे पुन्हा कुणी पकडून नेणार नाही याची खात्री होती. अलहाजी ग्रुन्शी यांच्या पिढीने बालपणी हेच जग पाहिलं होतं.

हौसा बोलणारी फौज

या फौजेचं नाव वेस्ट आफ्रिकन फ्रंटियर फोर्स. १८९७ पासून ती उभी करण्याचं काम फ्रेडरिक लुगार्ड या अधिकाऱ्याकडे होतं. लुगार्डचा जन्म १८५८ मध्ये आपल्याच मद्रासचा, आणि त्याची सुरुवातीची नोकरीही हिंदुस्थानातल्या फौजेतली. त्यामुळे इथली तालीम, इथले हिशेब आणि इथले पूर्वग्रह घेऊन इंग्रज अधिकारी तिकडे गेले. नायजेरिया, गोल्ड कोस्ट, सिएरा लिओन आणि गॅम्बिया या चार वसाहतींच्या तुकड्या या फौजेत होत्या. १९१४ मध्ये त्यातल्या गोल्ड कोस्ट रेजिमेंटमध्ये सुमारे दीड हजार माणसं होती.

भरतीचं तत्त्वही आपल्या ओळखीचं आहे. इंग्रजांनी हिंदुस्थानात काही जाती लढाऊ आणि काही बिनलढाऊ ठरवल्या होत्या. याच विचाराने १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली, हे महाराष्ट्राला सांगायला नको. गोल्ड कोस्टमध्ये असंच झालं. किनाऱ्यावरचे शिकलेले लोक फौजेच्या कामाचे नाहीत आणि उत्तरेकडचे न शिकलेले लोक जन्मजात शिपाई आहेत, असं ठरवून टाकलं गेलं. खरं कारण साधं होतं. शिकलेला माणूस प्रश्न विचारतो. म्हणून उत्तरेत शाळा कमी आणि भरतीची ठाणी जास्त राहिली. या तफावतीची किंमत उत्तर घाना पुढे कित्येक वर्षं मोजत राहिला.

फौजेत वेगवेगळ्या जमातींच्या जवानांना जोडणारी भाषा हौसा होती. आपल्याकडे इंग्रज अधिकाऱ्याला हिंदुस्तानीची परीक्षा द्यावी लागायची, तशी तिकडे हौसाची. उर्दू जाणणाऱ्याला हौसा ऐकताना मधूनमधून आपलाच शब्द भेटल्यासारखं होतं. जगाला हौसातही दुनिया म्हणतात. बरकतीला अलबरका आणि खुशालीला लाफिया, म्हणजे आपली आफियत. बराकीत हौसा भाषेबरोबर मुसलमानी चालीरीतीही होत्या. नमाज होती, रोजे होते, जनाजा होता. उत्तरेकडचे बरेच जवान फौजेत आल्यावरच मुसलमान झाले. नोकरी संपली की ते आक्रा, कुमासी अशा शहरांतल्या झोंगो वस्त्यांत राहायला जायचे. झोंगो म्हणजे परमुलखातून आलेल्या, बहुतेक मुसलमान लोकांचा मोहल्ला. ज्या जवानाचं घर गुलामांच्या व्यापाऱ्यांनी उजाडलं, त्याला फौजेत आणि झोंगोत नवी बिरादरी मिळाली. त्यातल्या एकाचं नाव अलहाजी असावं यात नवल नाही.

ऑगस्ट १९१४, टोगोलँड

४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. शाळेच्या पुस्तकात आपण बेल्जियम, फ्रान्स, खंदक असं शिकवतो. पण गोल्ड कोस्टला लागूनच टोगोलँड ही छोटीशी जर्मन वसाहत होती आणि त्या वसाहतीत एक मोठी वस्तू होती. अटाकपामे गावाजवळ कामिना इथे जर्मनांनी उंचच उंच मनोरे उभे करून बिनतारी संदेशाचं केंद्र बांधलं होतं. युद्धाच्या काही आठवडे आधीच ते सुरू झालं होतं. या केंद्रावरून थेट जर्मनीशी, आफ्रिकेतल्या इतर जर्मन वसाहतींशी आणि अटलांटिक समुद्रातल्या जर्मन जहाजांशी बोलता येत होतं. समुद्रावर हुकमत ठेवणाऱ्या इंग्रजांना हे केंद्र गप्प करायचं होतं.

टोगोलँडचा प्रभारी गव्हर्नर मेजर फॉन डोअरिंग याने सुचवलं की आपण दोघांनीही इथे लढू नये, वसाहती तटस्थ राहू द्याव्यात. काळ्या लोकांसमोर गोऱ्यांनी एकमेकांशी लढणं बरं नव्हे, हाही त्यामागचा एक विचार होता. इंग्रजांनी ते मानलं नाही. गोल्ड कोस्टचे गव्हर्नर ह्यू क्लिफर्ड तेव्हा रजेवर होते आणि पलटणीची सूत्रं कॅप्टन ब्रायंट या तरुण अधिकाऱ्याकडे आली होती. किनाऱ्यावरचं लोमे शहर लढाई न करताच हाती आलं. पूर्वेकडच्या दाहोमीतून फ्रेंचांचे आफ्रिकी शिपाई आले. मग रेल्वेच्या रुळांच्या बाजूबाजूने ही फौज उत्तरेला कामिनाकडे सरकू लागली.

ऑगस्टच्या याच पहिल्या पंधरवड्यात अलहाजी ग्रुन्शी यांनी आपली रायफल खांद्याला लावली आणि समोरच्या जर्मन ठाण्यावर गोळी झाडली. जमिनीवरच्या लढाईत ब्रिटिश सैन्यातल्या शिपायाने झाडलेली ती त्या महायुद्धातली पहिली गोळी. त्या क्षणी लंडनहून निघालेल्या पलटणी अजून फ्रान्सच्या रणांगणावर पोचायच्या होत्या.

पुढे १५ ऑगस्टला आगबेलुवो इथे चकमक झाली. २२ ऑगस्टला क्रा नदीकाठी खंदकात बसलेल्या जर्मन फौजेशी मोठी झुंज झाली. त्यात लेफ्टनंट जॉर्ज थॉम्पसन मारले गेले. पहिल्या महायुद्धात मरण पावलेले ते पहिले ब्रिटिश अधिकारी मानले जातात, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या हाताखालचे आफ्रिकी शिपाईही पडले. २४ ऑगस्टच्या रात्री जर्मनांनी आपल्याच हाताने कामिनाचे मनोरे पाडले आणि २६ ऑगस्टला शरणागती पत्करली. महायुद्धात जर्मनीच्या हातून गेलेली ही पहिली वसाहत.

आता एक तारीख लक्षात ठेवायला हवी. ज्या २२ ऑगस्टला क्रा नदीवर रक्त सांडत होतं, त्याच दिवशी बेल्जियममध्ये मॉन्स शहराजवळ कास्तो इथे कॉर्पोरल एडवर्ड थॉमस नावाच्या ब्रिटिश घोडदळाच्या शिपायाने गोळी झाडली. युरोपच्या भूमीवरची ब्रिटिशांची ती पहिली गोळी. कास्तोला रस्त्याच्या कडेला त्या घटनेचा स्मारकफलक लावलेला आहे. थॉमस यांचा मान आम्हाला कमी करायचा नाही. पण वर्षानुवर्षं पुस्तकांत युरोपवरची पहिली गोळी हे शब्द गळून नुसतंच पहिली गोळी असं छापलं जात राहिलं. एक शब्द गळला आणि एक माणूस गळाला.

खलिफा एका बाजूला, हुकूम दुसऱ्या बाजूला

टोगोलँड संपलं तशी गोल्ड कोस्टची पलटण कामेरूनच्या जर्मन वसाहतीत उतरली. सप्टेंबर १९१४ मध्ये दुआला बंदर पडलं, पण खरी लढाई त्यानंतर दीड वर्षं जंगलात आणि पावसात चालली. १९१६ च्या सुरुवातीला जर्मन फौज शेजारच्या स्पॅनिश मुलखात निघून गेली आणि उत्तरेकडच्या मोरा डोंगरावरचा शेवटचा जर्मन किल्ला फेब्रुवारीत खाली आला.

याच काळात जगभरातल्या मुसलमान शिपायांपुढे मोठा पेच उभा राहिला. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तानच्या खलिफाने इंग्रज, फ्रेंच आणि रशियनांविरुद्ध जिहाद पुकारला. म्हणजे ज्याचं मीठ खाल्लं तो एका बाजूला आणि ज्याच्या नावाने जुमाचा खुतबा पढला जायचा तो दुसऱ्या बाजूला. आपल्याकडच्या जवानांनाही हा पेच पडला. फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापूरला पाचव्या लाइट इन्फंट्रीने बंड केलं. ही पलटण मुसलमान जवानांची होती, आणि आपल्याला तुर्कांविरुद्ध लढायला नेणार ही भीती त्या बंडामागच्या कारणांपैकी एक होती. ४७ जणांना जाहीरपणे गोळ्या घालण्यात आल्या.

त्या पलटणीतले उरलेले जवान नंतर कुठे पाठवले गेले, हे फारसं कुणी सांगत नाही. त्यांना कामेरूनला पाठवण्यात आलं, म्हणजे गोल्ड कोस्टची पलटण ज्या मोहिमेत लढत होती त्याच मोहिमेवर. सिंगापूरला आपल्या सोबत्यांना भिंतीशी उभं केलेलं पाहून आलेले हिंदुस्थानी मुसलमान आणि गुलामांच्या बाजाराच्या सावलीत वाढलेले आफ्रिकी मुसलमान एकाच झेंड्याखाली होते. झेंडा दोघांचाही नव्हता.

पश्चिम आफ्रिकेच्या पलटणींनी खलिफाच्या हाकेला ओ दिली नाही. त्यांना बेईमान म्हणणं सोपं आहे, वफादार म्हणणं त्याहून सोपं आहे. आम्हाला वाटतं की त्यांच्यासाठी इस्तंबूल फार लांब होतं आणि पगाराचा दिवस जवळ होता. गरिबाचा निर्णय असाच होतो. त्याच्यावर फतवा देण्याआधी त्याचं रिकामं ताट पाहायला हवं.

पूर्व आफ्रिका: दोन्हीकडे आपलेच

जुलै १९१६ मध्ये पलटण जहाजात बसली आणि अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून मोंबासाला उतरली. समोर होते जर्मन सेनापती लेटो-फॉरबेक. त्यांच्या फौजेतले शिपाई आफ्रिकी होते. त्यांना अस्कारी म्हणत, जो शब्द आपल्या लष्कर शब्दाच्या नात्यातला आहे. त्या अस्कारींमध्येही मुसलमान भरपूर होते. म्हणजे पहाटे दोन्ही बाजूंच्या छावण्यांत एकाच दिशेला तोंड करून नमाज व्हायची आणि उजाडलं की तेच लोक एकमेकांवर गोळ्या झाडायचे.

डिसेंबर १९१६ मध्ये किल्वा बंदराच्या आतल्या डोंगराळ भागात किबाटा इथे भीषण लढाई झाली. १५ डिसेंबरला गोल्ड कोस्टच्या पलटणीने एक टेकडी जिंकली आणि तोफांच्या माऱ्यात दिवसभर धरून ठेवली. चढाईला गेलेल्यांपैकी जवळपास निम्मे मारले गेले किंवा जखमी झाले. त्या टेकडीचं नाव पुढे गोल्ड कोस्ट हिल पडलं. त्याच लढाईत शेजारच्या उंचवट्यावर हातबॉम्ब घेऊन रात्री हल्ला करणारी पलटण होती १२९ वी बलुची. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे पहिले हिंदुस्थानी जवान खुदादाद खान हे याच बलुची पलटणीचे. म्हणजे आपल्या उपखंडातला मुसलमान शिपाई आणि घानाचा मुसलमान शिपाई किबाटाच्या चिखलात एकमेकांच्या शेजारी मरत होते. आपल्या मुलांना खुदादाद खान माहीत असतील, तर त्यांना शेजारची टेकडीही माहीत व्हायला हवी.

१९ जुलै १९१७ ला नारुंगोंबे इथे पुन्हा मोठी हानी झाली. १९१८ मध्ये लढाई पोर्तुगीज पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या मोझांबिकमध्ये सरकली. गोळीपेक्षा हिवतापाने, हगवणीने आणि उपासमारीने माणसं जास्त गेली. त्यात सर्वांत वाईट हाल झाले ते ओझी वाहणाऱ्या हमालांचे. त्या मुलखात रस्ते नव्हते आणि जनावरं माशीच्या रोगाने मरायची, म्हणून दारूगोळा, तांदूळ, तोफेचे भाग सगळं माणसांच्या डोक्यावरून जायचं. ब्रिटिशांच्या बाजूने मेलेल्या हमालांचा अंदाज एक लाखाच्या जवळ जातो. दारेसलाममध्ये आज कारियाकू नावाचा मोठा बाजार आहे. ते नाव कॅरियर कोअर, म्हणजे हमालांची तुकडी, या इंग्रजी शब्दांवरून आलं. त्या बाजारात सौदा करणाऱ्या किती जणांना हे आठवत असेल?

लेटो-फॉरबेक यांनी शस्त्रं खाली ठेवली ती २५ नोव्हेंबर १९१८ ला, आजच्या झांबियातल्या अबेरकॉर्न इथे. युरोपात युद्ध थांबून दोन आठवडे झाले होते. म्हणजे महायुद्धातली ब्रिटिशांची जमिनीवरची पहिली गोळी आफ्रिकेत सुटली आणि शेवटची जर्मन फौजही आफ्रिकेतच शरण आली. तरी या युद्धाला आपण मनात युरोपचं युद्ध म्हणतो.

दोन पदकं आणि एक दगड

अलहाजी ग्रुन्शी या युद्धातून जिवंत परतले. त्यांना डिस्टिंग्विश्ड कंडक्ट मेडल आणि मिलिटरी मेडल अशी शौर्याची दोन पदकं मिळाली आणि सेनापतींच्या अहवालातही त्यांचं नाव आलं. ते रेजिमेंटल सार्जंट मेजर या हुद्द्यापर्यंत चढले. त्या काळी त्या पलटणीतल्या आफ्रिकी माणसासाठी ती शेवटची पायरी होती. त्याच्या वर गोऱ्या अधिकाऱ्यांची रांग सुरू व्हायची. कालच विलायतेहून आलेला विशीतला लेफ्टनंटही या अनुभवी माणसाचा साहेब. ब्रिटिश राजाचं कमिशन गोल्ड कोस्टच्या काळ्या माणसाला मिळायला १९४२ साल उजाडावं लागलं. सेठ अँथनी हे ते पहिले अधिकारी, आणि ते एक शिक्षक होते, हे आम्ही जरा अभिमानाने नोंदवतो.

जे परतले नाहीत त्यांचं काय झालं? युद्धानंतर ब्रिटिश साम्राज्याने एक मोठा वायदा केला होता. प्रत्येक शहीदाला नावाची खूण मिळेल, आणि त्यात हुद्दा, वंश, धर्म असा भेद होणार नाही. युरोपातल्या कब्रस्तानांत हा वायदा बऱ्याच अंशी पाळला गेला. आफ्रिकेत मात्र नाही. १९२३ मध्ये लंडनमध्ये स्मारकांविषयी बैठक झाली. तेव्हाचे गोल्ड कोस्टचे गव्हर्नर गगिसबर्ग यांनी सांगितलं की इथल्या सामान्य माणसाला कबरीवरच्या दगडाचं महत्त्व समजणार नाही, आणि बाकीच्यांनी मान डोलावली. ज्या मुलखातल्या शिपायाने पहिली गोळी झाडली, त्याच मुलखाच्या लोकांबद्दल हा निकाल दिला गेला. दफन, कबर, फातिहा यांचा अर्थ ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता, त्यांना दगडाचा अर्थ कळत नाही असं ठरलं.

ही गोष्ट फायलींत बंद राहिली. शेवटी एप्रिल २०२१ मध्ये युद्धातल्या कबरींची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाने स्वतःच्याच चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला आणि माफी मागितली. त्या अहवालानुसार ४५ हजार ते ५४ हजार मृतांना इतरांच्या बरोबरीची आठवण मिळाली नाही. यात हिंदुस्थानी, पूर्व आणि पश्चिम आफ्रिकी, इजिप्शियन आणि सोमाली जवान मुख्यतः होते. याशिवाय किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांची नावं कुठे कोरलीच गेली नाहीत. हे वाचताना आम्ही थबकलो, कारण या आकड्यात आपल्याकडचीही माणसं आहेत. शंभर वर्षांनी मागितलेली माफी कुणाच्या घरी पोचवायची? नावच नसेल तर पत्ता कुठला?

पुढच्या पिढीची गोळी

गोल्ड कोस्टची पलटण दुसऱ्या महायुद्धात पुन्हा निघाली. या वेळी पश्चिम आफ्रिकेच्या ८१ व्या आणि ८२ व्या डिव्हिजन हिंदुस्थानमार्गे ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेल्या आणि अराकानच्या जंगलात जपान्यांशी लढल्या. आपल्या देशातून जाताना त्यांनी इथली स्वातंत्र्याची चळवळही पाहिली.

घरी परतल्यावर नोकरी आणि पेन्शनचे वायदे हवेत राहिले. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी आक्रा शहरात माजी सैनिक आपल्या मागण्यांचा अर्ज घेऊन गव्हर्नरच्या किल्ल्याकडे निघाले. हातात बंदुका नव्हत्या. वाटेत एका गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याने गोळ्या झाडल्या आणि सार्जंट अडजेटी, कॉर्पोरल अटिपो आणि प्रायव्हेट ओडार्टे लॅम्पटे हे तिघे जागीच गेले. शहर पेटलं. त्या आगीतून जे राजकारण उभं राहिलं त्याने ६ मार्च १९५७ रोजी घानाला स्वतंत्र केलं.

१९१४ मध्ये साम्राज्यासाठी पहिली गोळी झाडणारा या फौजेचा शिपाई होता, आणि १९४८ मध्ये साम्राज्याची गोळी छातीवर घेणारेही याच फौजेचे शिपाई होते. मधल्या चौतीस वर्षांत काय बदललं? शिपाई अर्ज लिहायला शिकला होता आणि अर्जाखाली त्याने आपली सही केली होती. त्या तिघांची पूर्ण नावं आज घानातल्या शाळेतली पोरं पाठ करतात.

अलहाजी ग्रुन्शी यांच्या वाट्याला अजून तेवढं आलेलं नाही. अलीकडे पुस्तकांत त्यांचं नाव यायला लागलं आहे. पण ते नाव म्हणजे कारकुनाने लिहिलेलं अर्धं नाव आहे. त्यांची आई त्यांना काय म्हणून हाक मारायची, ते त्या रजिस्टरात मावलं नाही.

म्हणून वाचकांना आमची दोन कामं आहेत. पहिलं, घरात पणजोबांची किंवा आजोबांची लढाईच्या काळातली कागदपत्रं, पदक, डिस्चार्ज बुक काही असेल तर ते रद्दीत देऊ नका. त्यावरचा नंबर आणि पलटणीचं नाव उतरवून ठेवा. कॉमनवेल्थ आयोगाच्या संकेतस्थळावर नावाने शोध घेता येतो, आणि राहून गेलेली नावं पुराव्यासह कळवताही येतात. अनेक गावांत पहिल्या महायुद्धाला किती माणसं गेली ते सांगणारे दगड अजून उभे आहेत. जाता येता तो दगड वाचा.

दुसरं काम त्याहून साधं आहे. मुलाला शाळेत घालताना फॉर्मवरचं नाव स्वतः वाचून पाहा. उर्दूत कसं, मराठीत कसं, इंग्रजीत कसं, हे एका कागदावर लिहून आणा आणि वर्गशिक्षकाला दाखवा. चुकलं असेल तर तिथेच उभे राहून दुरुस्त करून घ्या, संकोच करू नका. आम्हीही यंदा जूनमध्ये प्रत्येक मुलाला पुढे बोलावून त्याचं नाव त्याच्याच तोंडून ऐकणार आहोत आणि मगच पटावर लिहिणार आहोत. वेळ लागेल, लागू द्या.